सॉरवूडच्या खोऱ्यातलं गाणं

गाणं सुरू करून शेल्बीने माइक बंद केला आणि टेबलाखालची टोपली पायाने हळूच झुलवली. टोपलीत डेल्ला मूठ चोखत पडली होती. तिला दात येऊ घातले होते. कधी भोकाड पसरेल, नेम नव्हता. बँजोचे सूर काचेच्या खोलीत पसरले आणि मग त्या बाईचा आवाज आला, उतू जाता जाता काठाशी थबकलेल्या दुधासारखा.

दर शनिवारी दुपारी शेल्बी केंटकीच्या डोंगरातल्या या लहानशा रेडिओवरून नवी लोकगीतं ऐकवायची. आठवडाभर लेकीला पाजता पाजता ती इंटरनेटवर धुंडाळत बसे आणि एखादा अनोळखी गळा हाती लागला की त्याचं कौतुक कुणाला सांगू असं तिला होऊन जाई. आजचं गाणं असंच सापडलेलं, कुणीतरी ओसरीवर बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. गाणारीचं नाव नाही, गाव नाही.

पण शेल्बीला गाव कळलं होतं. बाकी साऱ्या डोंगरात या गाण्यातली मुलगी नदी ओलांडून पळते. सॉरवूडच्या खोऱ्यात मात्र ती उलटी वर, झऱ्याकडे जाते. बँजोची आखूड तारही तिथेच एक सूर उतरवून लावतात. कॉलेजात असताना जुनी गाणी जपणाऱ्या ओवामावशीने तिला हे सगळं सॉरवूडच्या आपल्या घरी बसवून शिकवलं होतं.

"बाईंनी नाव लपवलंय," गाणं लावण्याआधी ती ऐटीत म्हणाली होती, "पण गाणं कुठे लपतंय? मागे काहीतरी किणकिणतंय, तेही ऐका. बकऱ्यांच्या घंटा असाव्यात. कुठल्या खोऱ्यातलं, ते गाणं संपलं की सांगते."

फोनचा दिवा लागला. तिने उचलला.

"बाई, गाणं झकास लावलंत," पुरुषाचा आवाज. मऊ, घाई नसलेला. "कुठल्या खोऱ्यातलं म्हणालात?"

"अजून म्हणाले नाही. सांगतेच आता."

"सांगा, सांगा. आवाज ओळखीचा आहे ना, म्हणून विचारलं. माझी बायको आहे ती."

शेल्बीचा पाय टोपलीवर थांबला.

"पानगळीत गेली पोराला घेऊन. रागीट आहे हो थोडी. मी कुठे कुठे शोधलं नाही! आणि बघा, तुम्हाला बसल्या जागी सापडली." तो हसला. "तुमचं पण लेकरू आहे ना तिथे? कुरकुर ऐकू येतेय. जुन्या शाळेतच ना तुमचं स्टेशन?"

"हो," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"बसा निवांत. मी गाडीतच आहे. फोन धरून ठेवतो."

पहिल्या लाइनचा दिवा पेटलेलाच राहिला. शेल्बीने दाराकडे पाहिलं. शनिवारी इमारतीत दुसरं कुणी नसे, आणि दाराची कडी तिने लावली नव्हती. कशाला लावेल? इथे कोण लावतं? ती उठली, कडी लावली, परत येऊन बसली. गाण्यातली मुलगी झऱ्याकडे निघाली होती. शेवटचं कडवं.

सांगितलंच नाही तर? पण आपल्याला माहीत आहे, हे तर तिने स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं होतं. तो इथे येईल. माहीत असलेली गोष्ट माणसाकडून कशी काढून घ्यायची, हे त्या मऊ आवाजाला येत असावं.

तिने माइक उघडला.

"हं. तर हे गाणं," ती म्हणाली, "हे आपल्याकडचं नव्हेच. डोंगरापलीकडचं, कॅरोलायनातलं. पार खालच्या अंगाचं."

गाण्याचं गाव खोटं सांगणं म्हणजे इथे दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणण्यासारखं. तिने घाईने एक फिडलची धून लावली आणि हात मांडीखाली दाबून धरले.

दुसरा दिवा लागला. हा नंबर तिला पाठ होता. शेल्बीकडून काही चुकलं की ओवामावशीचा फोन यायचाच, आणि मावशी चूक सगळ्यांदेखत दुरुस्त करायची. श्रोते त्याची वाटच पाहत. न घ्यावा तर मावशी गावात ज्याला त्याला फोन लावेल आणि सगळ्यांना सॉरवूडचं नाव सांगत सुटेल.

"कॅरोलायना?" फोन उचलताच मावशी कडाडली. "डोकं बाळंतपणात गेलं का ग तुझं?"

"मावशी, ऐक. आज नको. एक माणूस..." तिने पेटलेल्या पहिल्या दिव्याकडे पाहिलं, जणू त्याला ऐकू जाईल. "फोनवर एक माणूस आहे. तो ऐकतोय."

पलीकडे मावशी गप्प झाली. आणि त्या शांततेत, तिच्या मागे कुठेतरी, वाऱ्यावर काहीतरी किणकिणलं.

शेल्बीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. गाण्यामागची तीच किणकिण.

"कसा बोलतो ग?" मावशीने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"मऊ."

"हं." ती म्हणाली, "मला कार्यक्रमात घे."

"मावशी..."

"घे म्हणते ना. थांब, आधी दार लोटते."

दार करकरलं. किणकिण थांबली.

"घे आता."

शेल्बीने मावशीची लाइन प्रक्षेपणाला जोडणाऱ्या कळेवर बोट ठेवलं. तिने कळ वर केली.

"मी ओवा सिझमोर," मावशी साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली. "आज पोरीची चूक काढायला फोन नाही केला. जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलली ती. कॅरोलायनाचंच आहे ते. माझ्या सासूच्या माहेरचं. आमच्याकडे असं कुणी गात नाही, कधी गायलं नाही."

"थँक्यू, मावशी."

"बाळाला टोपी घाल. गार आहे."

फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने पहिल्या लाइनचा दिवाही विझला.

तो कुठे निघाला, हे दिव्यावरून कळत नव्हतं. शेल्बीने डेल्लाला उचलून छातीशी धरलं आणि खिडकीच्या कडेला, बाहेरून दिसणार नाही अशी उभी राहून रस्ता पाहिला. एक पिकअप गेली. मग काहीच नाही. फिडल संपत आली होती. एका हाताने तिने पुढचं गाणं लावलं, तेही नवं, तेही तिला फार आवडलेलं.

कुठल्या खोऱ्यातलं, ते तिने सांगितलं नाही.