गोळीच्या जागी मला बसवलं

माझा आवाज बारीक आहे, तेव्हा जरा जवळ या. मी ओझोनचं यंत्र बोलतोय. एका लहान दवाखान्याच्या मागच्या खोलीत, फायलींच्या कपाटाशेजारी, मी तीन वर्षं बंद पडून आहे.

माझ्या पोटात काचेची नळी आहे. सिलिंडरमधला ऑक्सिजन तिच्यातून जाताना विजेचा झटका खातो आणि त्याचा ओझोन होतो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "हा जंतू मारतो, पण छातीत गेला तर माणसालाही सोडत नाही." पुढे सगळ्यांनी त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलं.

मला आणणारे डॉक्टर भले माणूस. त्यांचे वडील एका जखमेनं गेले होते. एकामागून एक अँटिबायोटिक दिलं, एकही लागू पडलं नाही. त्यामुळे मी आलो तेव्हा डॉक्टरांनी मला तान्ह्या पोरासारखं पुसलं.

पहिला पेशंट एक म्हातारा शिंपी. मधुमेहानं पाय चिघळलेला. त्या पायावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची आणि मी वीस मिनिटं तिच्यात ओझोन सोडायचा. दोन महिन्यांत जखम भरली. शिंप्यानं खूश होऊन मला निळं कव्हर शिवलं. डॉक्टरांचे पाय जमिनीवर ठरेनात. सिस्टर तेवढी म्हणाली, "त्यांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही चालू होत्या, डॉक्टर." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. नडगीला खरचटलं होतं, त्यात जंतू शिरून पाय लालभडक सुजला होता. गोळ्यांनी सूज उतरत होती, पण हळूहळू.

"गोळ्यांनी अन्न जात नाही हो," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद करू गोळ्या. हा आहे ना."

पट्टी गुंडाळणारी सिस्टर थांबली. "दोन्ही चालू ठेवू या. निदान कोर्स पुरा होईपर्यंत तरी."

"डॉक्टर मी आहे की तू?" असं ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

मी चालू झालो की गुणगुणतो, म्हणून बाई मला गुणगुण्या म्हणत. माझ्यासमोरच्या खुर्चीत, पिशवीत पाय घालून बसल्या की त्यांच्या गप्पा सुरू. "काय रे गुणगुण्या, पाढे पाठ करतोस का?" तिसऱ्या दिवशी मात्र त्या बोलल्या नाहीत. अंग तापलं होतं, दात वाजत होते. थर्मामीटर पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाईंना तातडीनं मोठ्या इस्पितळात नेलं, पण जंतू रक्तात पसरले होते. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभरानं बाईंचे यजमान आले. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "गोळ्या चालू असत्या, तर?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक वाचल्या असत्या. चूक माझी आहे."

यजमानांनी मान हलवली आणि ही खोली बघायला मागितली. सिस्टर त्यांना घेऊन आली.

"हिला इथं त्रास झाला का?"

"नाही. बोलत बसायच्या."

"काय बोलायची?"

सिस्टर जरा घुटमळली. "तुम्हाला चादरीची घडी घालता येत नाही म्हणायच्या."

ते हसले. मग माझ्यावर हात टेकून तसेच उभे राहिले. ते गेल्यावर डॉक्टर कात्री घेऊन आले आणि त्यांनी माझी वायर कापली.

आता मला वीज मिळत नाही. तरी भर दुपारी, दवाखाना रिकामा असताना, समोरची खुर्ची करकरते. "काय रे गुणगुण्या?" असं ऐकू येतं आणि माझी काच आतून शहारते. डॉक्टरांनाही ऐकू येत असावं. फाईल घ्यायला येतात, दारातच थबकतात आणि रिकाम्या हातानं परत जातात.

मी कुणाला बरं केलं का, हे मला माहीत नाही. शिंप्याचा पाय मी वाचवला की गोळ्यांनी, तेही कुणी तपासलं नाही. माझी एवढीच विनवणी आहे. मला पारखा, शंभरदा पारखा. खोटा ठरलो तर खुशाल भंगारात द्या. पण तोवर कुणाचं चालू औषध काढून, माझ्या भरवशावर, त्याला या खुर्चीत बसवू नका.

ती रिकामी नाही.