भिंतीवरची मालन

माझी बायको मालन वारली, पण तिची सावली स्टुडिओतल्या भिंतीवरून उतरली नाही. सुतक संपल्यावर मी कामावर गेलो, तर ती तिथं केस विंचरत होती.

ती तिथं कशी आली, ते सगळ्या युनिटला ठाऊक होतं. कोल्हापुरात आम्ही भुताचा सिनेमा केला, त्यात भूतच नव्हतं. दिग्दर्शक रणदिवे म्हणायचे, भूत दाखवलं की लोक हसतात, नुसती सावली दाखवली की गप्प बसतात. मी सेट रंगवणारा. मालन माझा डबा घेऊन आली होती. रणदिव्यांनी तिचे लांब केस पाहिले आणि तिला दिव्यापुढं बसवलं. ती लाजून हसत होती. भिंतीवर मात्र हसू उमटलं नाही. थिएटरात बायका तिला बघून डोळे झाकायच्या आणि मला उगाच ऐट वाटायची.

आता मी तिच्यासमोर बसून डबा खायचो, घरचं सांगायचो. ती विंचरत ऐकायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण आमच्याकडं सेटची भिंत मोडत नाहीत, रंग बदलून पुढच्या सिनेमाला वापरतात. एका दुपारी रणदिवे आले.

"तात्या, पुढचं पिक्चर लग्नाचं हाय. भिंत गुलाबी करा."

"ती बसलीय तिथं."

"दिसतंय की मला. म्हणून तर तुम्हाला सांगतोय. परक्याच्या हातनं बरं दिसंल का?"

ते खरं होतं. मी ब्रश भिजवला. मालन पदर सावरून बाजूला सरकली, दिवाळीआधी घर रंगवताना सरकायची तशी. मी रंगवत गेलो, ती सरकत गेली, आणि भिंत आखूड होत गेली. शेवटी कोपऱ्यात हातभर जागा उरली. तिथं ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. मला रडू फुटलं. एकदा तिला पोचवून आलो होतो, पुन्हा पोचवणं मला जमणार नव्हतं.

तरी वाकलो. दिवा पाठीमागं होता, माझी सावली कोपऱ्यावर पडली. मालन उठली आणि माझ्या सावलीत शिरली.

"झालं का तात्या?" लाईटवाला इब्राहिम मागून म्हणाला. "व्हा बाजूला, दिवा घालवतो."

"थांब जरा."

"तापलाय दिवा. किती वेळ ठेवू?"

मी हललो नाही. भिंतीवर आम्हा दोघांची मिळून एकच सावली होती, आणि इब्राहिमच्या हाताची सावली बटण चाचपत आमच्या अंगावरून सरकत होती.