पांगाऱ्याची खबर

रिक्षा गावाकडे जाणाऱ्या चौकच्या रस्त्याला वळणार, तोच कोंडाजीने पुढे वाकून अब्बासच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी नको रं इतक्यात. आधी नदीकाठच्या बागेत घे."

अब्बासने आरशातून मागे पाहिलं. तो मागच्या दोघांच्याच गावचा, शेजारच्या आळीतला. त्यांच्या परसात आता काय उरलंय, हे त्याला ठाऊक होतं. त्याने रिक्षा वळवली.

कोंडाजीशेजारी त्याची बायको जिजा काळा चष्मा लावून बसली होती. त्याच सकाळी कर्जतच्या दवाखान्यात तिच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली होती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकले होते, पण साखर उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नव्हते. चार वर्षं तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"बागेत कशाला?" तिने विचारलं.

"फुलं बघ की जरा. एवढ्या दिसांनी दिसाया लागलंय."

बागेत बोगनवेल कुंपणावरून ओसंडत होती. जिजा एकेका रंगापाशी थांबली. घसरगुंडीवरच्या पोरांना बघून हसली. मग वळून नवऱ्याकडेच पाहत राहिली.

"काय गं?"

"तुमचे पुढचे दात कधी पडले?"

"झाली दोन वर्सं."

"बोलला नाय कधी."

कोंडाजीने तोंडावर हात धरला. दातांचं काही नव्हतं. सांगायचं राहिलं होतं ते पांगाऱ्याचं.

जिजाच्या लग्नात तिच्या वडिलांनी गाय दिली होती. ती बांधायला पांगाऱ्याची ओली खुंटी त्यांनी स्वतःच्या हाताने परसात ठोकली. गाय म्हातारी होऊन गेली, खुंटीचं मात्र झाड झालं. दर माघात पानं टाकून ते अंगभर लाल व्हायचं. तीन वर्षांपूर्वी त्याची मुळं भिंतीत शिरली. झाड ठेवा नाहीतर भिंत, असं गवंडी म्हणाला. जिजा आठ दिवस भावाकडे गेली होती, तेवढ्यात कोंडाजीने कुऱ्हाड घातली. परत आल्यावर तिने ओटीवर टेकतानाच विचारलं, "पांगारा फुलला का?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "फुलला की."

त्यानंतर मागे फिरता आलं नाही. माघ लागला की रोज सकाळी तिच्या हातात चहा देताना तो झाडाची खबर सांगायचा. ठेच लागेल म्हणून तिला एकटीला परसात जाऊ द्यायचा नाही. आज ती घरी गेली की आधी मागचं दार उघडणार होती.

"अब्बास, आता नेरळला घे," तो बागेबाहेर येऊन म्हणाला. "ते नवीन कॉम्प्लेक्स हाय ना, तिथं गुलाबी झाडं फुललीत म्हणतात."

"काका, ते उलट्या दिशेला. आणि काकीला धूळ लागू द्यायची नाय ना?"

"पडदा सोड."

अब्बासने पडदा सोडला.

नेरळच्या गेटवरचा वॉचमन अब्बासच्या ओळखीचा निघाला. आत दुतर्फा झाडं उभी होती. पान एक नाही, नुसता गुलाबी फुलोरा. जिजाने खाली पडलेलं एक फूल उचलून तळहातावर ठेवलं.

"काय नाव हो याचं?"

"परदेशी झाड आहे, मावशी. नाव इंग्रजी आहे, मला येत नाही," वॉचमन म्हणाला.

उन्हं कलली. दोघं बाकावर बसली. कोंडाजी म्हणाला, "खोपोलीला पण एक बाग हाय."

"किती बागा दाखवाल?"

त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"पांगारा नाय ना राहिला?" जिजा म्हणाली.

कोंडाजीची मान खाली गेली.

"भावाकडनं आले त्याच सकाळी कळलं मला. माघात साळुंक्यांचा केवढा कालवा असायचा. एक पाखरू ओरडलं नाय. आणि दुपारी मोरीत ऊन यायला लागलं."

"मग... इचारलं का नायस?"

जिजाने हातातलं फूल बाकावर ठेवलं.

"तुमी सांगत होता ना. आज खालच्या फांदीला फुललाय, आज बुलबुल आलाय, आज मुंग्या चढल्यात. चाळीस वर्सं संसार केला, एवढं कधी बोलला होता माझ्याशी? जेवलीस का, नि भात झोडला का, एवढंच. इचारलं असतं तर तुमी गप्प झाला असता."

कोंडाजी उठला, तिला हाताला धरून रिक्षापर्यंत आणलं.

"घरी, काका?" अब्बासने विचारलं.

"घरी."

कर्जत मागे पडलं तरी तो गप्पच होता. चौकच्या रस्त्याला लागल्यावर कोंडाजीने घसा खाकरला.

"त्या दिवशी पहिला घाव घातला ना," तो म्हणाला, "तवा कुऱ्हाड आत रुतूनच बसली. लाकूड मऊ, तरी निघंना. मग मी तिथंच खाली बसलो..."

जिजा त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. अब्बासने रिक्षा हळू केली.