आई बसली की गाडी दमते

बाबांची डिझेल गाडी चौथ्यांदा माझ्या गॅरेजात आली तेव्हा मी हातातला पाना टेबलावर आपटला. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतेय, पण या गाडीने माझ्या अगदी नाकी नऊ आणले होते. दुखणं एकच. अर्धा-पाऊण तास बरी चालायची आणि मग चढावर एकदम ताकद जायची. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन ढिम्म. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालू. माझ्यासमोर मात्र एकदाही नाही! मी डिझेल फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, पाइपच्या सगळ्या क्लिपा आवळल्या, तोच चढ सहा वेळा चढून आले. गाडी इतकी जुनी की कॉम्प्युटर लावून विचारायचीही सोय नाही.

"तुझी आई बसली की होतं गं," बाबा म्हणाले. "एकटा असलो की नाही होत."

"म्हणजे आईच्या वजनाने गाडी दमते?"

"ते मला काय माहीत? होतं ते सांगितलं."

दादाने फोनवर निकाल देऊन टाकला होता. बाबा बहात्तर वर्षांचे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय सुटत असणार, गाडीच्या नावाने खापर फोडतायत. रविवारी येऊन तो गाडी घेऊन जाणार आणि विकून टाकणार. मावशी अंथरुणाला खिळलेली, तिच्या घराकडे बस जात नाही, दर गुरुवारी आई-बाबा याच गाडीने तिला भेटायला जातात. गाडी गेली की दोघी बहिणींची भेट संपली, हे दादालाही ठाऊक होतं. "जीव महत्त्वाचा," तो म्हणाला.

आणि मी तरी काय बोलले? वैतागाच्या भरात म्हणाले, "बाबा, गाडीत काहीही बिघाड नाही. तुमचा पायच ढिला पडत असेल." बाबांनी खाली आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी मावशीकडे मीच न्यायचं ठरलं. सकाळी त्यांना घ्यायला गेले तर जेवणाच्या टेबलाखाली माझ्या पायाचा अंगठा सणकून आपटला. तिथे वजनाचा काटा ठेवलेला!

"हा न्हाणीघरातला काटा इथे कोणी ठेवला?"

"असू दे, असू दे," बाबा घाईघाईने म्हणाले. आईने खांदे उडवले. या घरात कोणती वस्तू कुठे सापडेल याचा नेम नाही, असं पुटपुटत मी गाडी काढली. बाबा शेजारी बसले. आई गाडीच्या मागून वळसा घालून, रेंगाळत, सावकाश आत आली. मी हॉर्न वाजवला.

चाळीस मिनिटं गाडी सुरेख चालली. आणि चढाच्या मध्यावर मेली. मागे ट्रक भोंगा वाजवतोय, मी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवलेला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने सरकतेय.

बाबा माझ्या पायाकडे वाकून बघत होते. "पूर्ण दाबलायस?"

"आणखी काय, खाली भोक पाडू?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला त्यांचा रागच आला. कशीबशी गाडी कडेला घेतली. मग डोकं ताळ्यावर आलं. गाडी तीच, रस्ता तोच. जास्त होती ती फक्त आई.

"आई, गाडीत बसताना तू नक्की काय काय करतेस?"

"काय करणार? दार लावते. पट्टा लावते. त्याआधी ते टाकीला प्लास्टिक लावते."

"काय लावतेस?"

"प्लास्टिक! डिझेलच्या वासाने मळमळतं मला. परत आलो की काढून, धुऊन ठेवते."

मी खाली उतरून टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून लांबलचक श्वास आत ओढला. झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा, कडा दुमडून, आईच्या नेहमीच्या टापटिपीने बसवलेला. झाकणात हवा आत जायला एक बारीक वाट असते. डिझेल जळेल तशी टाकीत हवा यावी लागते, नाहीतर टाकी डिझेल सोडत नाही. आईने ती वाट बंद केली होती. माझ्याकडे गाडी यायची ती प्लास्टिकशिवाय, धडधाकट.

"अगं, मग सांगायचं नाही का?" मी ओरडले.

"सांगितलं होतं," आई शांतपणे म्हणाली. "झाकणाचं रबर चिरलंय, वास येतो, बदलून दे. दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, डिझेलची गाडी आहे, अत्तराचा वास येणार का?"

म्हणाले होते. हसतहसत म्हणाले होते. माझ्या गॅरेजात तसली रबरं डबाभर पडलेली असतात.

प्लास्टिक खिशात घालून मी गाडी सुरू केली. उरलेला चढ ती तरण्या पोरीसारखी चढली. आई मावशीकडे पोचेपर्यंत नाकाला रुमाल लावून बसली. तिथूनच मी दादाला फोन केला. "रविवारी गाडी न्यायला येऊ नकोस. जेवायला ये."

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. पाणी पिताना टेबलाखाली तोच अंगठा पुन्हा आपटला.

"बाबा, हा काटा!"

"काढ आता," ते म्हणाले. "काम झालं त्याचं."

"कसलं काम?"

"सकाळी पेपर वाचताना उजवा पाय ठेवायचो त्याच्यावर. काटा पाचावर आणायचा आणि पेपर संपेपर्यंत तिथेच ठेवायचा. पाय सुटला तर कळेल ना."

"मग? सुटला?"

"एकदाही नाही." किल्ली खिशात टाकत ते म्हणाले, "पण गाड्यांतलं तुला जास्त कळतं, म्हणून म्हटलं, काटाच बिघडला असेल."