डावी गिरकी

स्वयंपाकघरात वाटी पडली आणि गरगर फिरत राहिली. दुपारच्या सामसुमीत तेवढाच आवाज. ती थांबायच्या आत सात वर्षांच्या सुरभीच्या पायांनी तो ताल उचलला. दोन पावलं पुढे, खाली वाकून टाळी, आणि गिरकी. डावीकडे.

"उजवीकडे गं बाई!" दिपाली बैठकीतून ओरडली.

दिपाली आर्णीच्या एका शाळेत नाच बसवायची. यंदा गॅदरिंगला बारा मुलींचा कापूसवेचणीचा नाच होता. अकरा जणी उजवीकडे वळत, तिची स्वतःची लेक तेवढी डावीकडे. चार दिवस सांगून सांगून घसा बसला, तेव्हा तिने पोरीच्या उजव्या पायात काळा दोरा बांधला. दोऱ्याच्या अंगाला वळायचं, बस. पोर दोऱ्याकडे बघत नाचे, पण टाळी वाजली की पाय आपल्याच मनाने उलटा जाई.

घागऱ्यांची मापं घ्यायला शीला आली होती, बंजारा तांड्यावरची. टेप गळ्यात तसाच ठेवून ती बघत राहिली.

"मॅडम, चुकून नाही राह्यली थे. आमच्या तांड्यात तीजेच्या सणाले बाया अशाच वाकतेत, अशाच फिरतेत. कोणं शिकवलं इले?"

"शिकवाले कायले लागते?" तूर निवडता निवडता सासू भागीरथाबाई बोलल्या. "खाण तशी माती."

दिपालीने चटकन सुरभीकडे पाहिलं. आठ महिन्यांची असताना सुरभीला दत्तक आणलेलं. कागदावर आईच्या नावाची जागा कोरी. मोठी झाली की सांगू, सांगू, म्हणत वर्षं गेली.

शीला माप घ्यायला पोरीला ओसरीत घेऊन गेली, तशी दिपाली दबक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पोरीले सांभाळाले येणाऱ्या लालीबाईले विसरल्या का? दोन वर्षं तिच्याच कडेवर होती हे. तीजेले तांड्यावर नेत होती थे इले. वाण नाही पण गुण लागला म्हणतेत ना!"

"मंग भिऊन काहून राह्यली?" सासूने सूप आपटलं.

लालीबाईच्या कडेवरून आलं म्हटलं की जीव भांड्यात पडे. रक्तातून आलं म्हटलं की कुठली तरी बाई, अशीच वाकून टाळी वाजवणारी, दारात येऊन उभी राही.

शीला गेल्यावर दिपालीने खाली बसून दोऱ्याची गाठ सोडली. "फिर, तुले येते तसं. मीच शिकते तुह्याजवळून."

दोघी शेजारी उभ्या राहिल्या. दोन पावलं, वाकून टाळी. दिपालीचा पाय सवयीने उजवीकडे गेला आणि मायलेकी एकमेकींवर आदळल्या. सुरभी खदखदून हसली. पुन्हा केलं, पुन्हा आदळल्या. तिसऱ्यांदा मात्र पोर हसली नाही. आजीच्या सुपाकडे बघून तिने दिपालीचा पदर ओढला.

"खाण म्हंजे तूच ना, आई? मंग तुह्या पायाले हे काहून नाही येत?"