पंचावन्नच्या पुढच्यांची परीक्षा

आमच्या मेडिकल कॉलेजात पंचावन्न वर्षांच्या पुढच्या प्रत्येक प्राध्यापकाने दरवर्षी परीक्षा द्यायची, हा नियम मी केला. मी म्हणजे कॉलेजचा डीन. मेडिसिनचा प्राध्यापक तर मी आहेच, शिवाय 'रुग्णाचे ऐकणे' या विषयावर संशोधन केलेला माणूस. डॉक्टर लोक पेशंटला मध्येच तोडतात आणि त्यामुळे निदान चुकतं, हे मी घड्याळ लावून सिद्ध केलेलं आहे. त्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं. प्रशस्तिपत्र माझ्या खुर्चीच्या मागे अशा बेताने टांगलंय, की समोर बसणाऱ्याला माझ्याकडे पाहताना ते वाचावंच लागतं.

नियम मांडताना मी भाषण छान केलं. वैद्यकशास्त्र रोज बदलतं, अनुभवाला गंज चढतो, वरिष्ठांनी आदर्श घालून द्यावा वगैरे. टाळ्या पडल्या. भाषणात एक गोष्ट मात्र सांगितली नाही. हा सगळा घाट मी मिशीवाल्यासाठी घातला होता.

मिशीवाला म्हणजे सर्जरीचा विभागप्रमुख. होस्टेलपासूनचा माझा सोबती आणि तेव्हापासूनचा माझा प्रतिस्पर्धी. मिशा अशा, की मास्क लावला तरी दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. गेली काही वर्षं त्याला ऐकू येईनासं झालं होतं. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मी एखादा महत्त्वाचा मुद्दा मांडला, की तो कानामागे हात नेऊन "काय?" म्हणायचा. मी पुन्हा मांडायचो. तो पुन्हा "काय?" म्हणायचा. तिसऱ्या वेळी माझा मुद्दा मलाच फुसका वाटायला लागायचा. असा माणूस पेशंटचं काय ऐकणार? परीक्षेत त्याची दांडी उडेल, मग त्याला मानाने सल्लागार करू आणि विभाग माझ्या माणसाकडे देऊ, असा माझा सरळ हिशेब होता.

परीक्षा घ्यायची होती वैद्यकीय शिक्षण विभागाच्या प्रमुख मॅडमनी. ही माझीच विद्यार्थिनी. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, दुखणं सगळ्यांचं एकच, कोपऱ्यात कॅमेरा, दारावर घंटा. पेशंटचं काम करायला तिने हौशी नाटकवाले जमवले होते. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ नाटकांत राजाचं काम करायचे म्हणे, पण त्या दिवशी अगदी दीनवाणे होऊन बसले होते.

"नमस्कार डॉक्टर. हल्ली जिना चढला की दम लागतो, आणि छातीत—"

"म्हणजेच दडपण येतं. डाव्या हाताकडे सरकतं?"

"कधीकधी. पण डॉक्टर, माझे गुडघे—"

"गुडघ्यांचं नंतर बघू. सिगारेट?"

"सोडली. पण त्या गुडघ्यांसाठी मी रोज—"

"सोडलीत ते उत्तम केलंत."

टेबलावर ईसीजीचा कागद होता. मी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कॅमेऱ्याला माझी उजवी बाजू दिसेल असा वळलो. हृदयाला रक्त कमी पडतंय, हे स्पष्ट दिसत होतं. मी समजावून सांगितलं, धीर दिला, खांद्यावर हात ठेवला आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी तिथल्या तिथे चावून खायला सांगितली. घंटा व्हायला अजून भरपूर वेळ होता. तो फुकट जाऊ नये म्हणून मी त्यांना माझ्या संशोधनाची माहिती दिली. डॉक्टर पेशंटला कसे बोलू देत नाहीत, ते ऐकून गृहस्थ फार गंभीर झाले होते. मला वाटलं, प्रभावित झालेत.

निकालाच्या दिवशी मॅडम माझ्या खोलीत आल्या. आल्या आल्या दार लावून घेतलं, खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि फोन बंद करून बाजूला ठेवला.

"सर, परीक्षा कशी गेली असं तुम्हाला वाटतं?"

मी काय ते ओळखलं. वाईट बातमी देण्याआधी दार लावायचं, जवळ बसायचं, फोन बंद करायचा आणि समोरच्याला काय वाटतं ते आधी विचारायचं, हे सगळं तिला मीच शिकवलं होतं.

"सरळ सांग," मी म्हटलं.

"पेशंट गेला, सर."

"कुठे गेला?"

"म्हणजे... वारला. कागदावर."

मग तिने सावकाश, मधूनमधून थांबत, मला सगळं समजतंय ना याची खात्री करत सांगितलं. (तेही मीच शिकवलेलं.) गृहस्थ गुडघ्यांसाठी कित्येक महिने स्वतःच्या मनाने दुखण्यावरच्या गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती, आतल्या आत रक्त जात होतं, शौचाला काळं होत होतं. अंगात रक्तच उरलं नव्हतं म्हणून दम लागत होता आणि हृदयावर ताण येत होता. त्यावर मी अ‍ॅस्पिरिन दिली. रक्त वाहत असलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी, तीही चावून.

"अगं, मग त्याने सांगायला नको?"

"तोंड उघडलं होतं सर त्यांनी. रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय. माशासारखं उघडतंय आणि मिटतंय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये मिशीवाला स्वतःची गाडी स्वतः पुसत होता.

"आणि तो?"

"सर पहिले आले," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "त्यांनी पेशंटला प्रत्येक वाक्य दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला गोळ्या पण आल्या, काळं होतं ते पण आलं. पेशंटनेच शेवटी विचारलं, की डॉक्टर, हे पोटातून तर नसेल?"

मी अपील करायचं ठरवलं. कॅमेऱ्याचा कोन चुकीचा होता, नट जास्त हळू बोलत होता, माझ्या बाजूने बरंच काही होतं. मॅडमनी नियमावली उघडून माझ्यासमोर ठेवली. निकालावर अपील नाही. आणि नापास होणाऱ्याने पंधरवड्यानंतरच्या फेरपरीक्षेपर्यंत एकट्याने पेशंट तपासायचे नाहीत, उत्तीर्ण झालेल्या वरिष्ठाच्या ओपीडीत एक अक्षर न बोलता बसायचं. 'एक अक्षर न बोलता' हे शब्द मी मुद्दाम जाड टाइपात घातले होते. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर मिशीवाला होता.

घरी बायकोने दार उघडलं ते विचारतच. ती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली तरी निकालाचं वेड गेलेलं नाही.

"काय लागला?"

"पुन्हा बसावं लागेल."

"म्हणजे नापास."

"तसं सरळसरळ म्हणता येणार नाही. एका पेशंटच्या बाबतीत—"

"अहो, नापास ना?"

"हो."

तिने माझ्या हातातली बॅग घेतली, पाणी आणून दिलं आणि मग माझ्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "वन्सं, बसलात का? आधी बसा." बराच वेळ दोघी नणंदा-भावजया हसत होत्या. फोन ठेवून ती माझ्याशेजारी येऊन बसली. "मला वाईट वाटलं हं," ती म्हणाली. "पण खरं सांगू? माझं स्वतःचं वाक्य पूर्ण झालेलं मी लग्नाआधी शेवटचं—"

"म्हणजेच मी तुला बोलू देत नाही?"

तिने पुन्हा वन्संना फोन लावला.

सोमवारी सकाळी मी सर्जरीच्या ओपीडीत हजर झालो. मिशीवाल्याने कोपऱ्यातलं एक उंच स्टूल दाखवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. "ये," तो म्हणाला. "बाजूच्या सिस्टरना सांगून ठेवलंय, हे नवीन आहेत म्हणून."

पहिली बाई आत आली आणि पोटावर उजव्या बाजूला हात ठेवून खुर्चीत बसली. बसतानाच मला कळलं, पित्ताशयातले खडे. मिशीवाला म्हणाला, "काय म्हणालात?" बाईने पहिल्यापासून सांगितलं. मधे तिच्या जावेचं दुखणं आलं, भाड्याच्या घरातली ओल आली, कामावरच्या साहेबीणबाई आल्या. मी स्टुलावर चुळबुळ करत होतो. शेवटी सोनोग्राफी आली आणि निघालं काय? खडे! मी मिशीवाल्याकडे असं पाहिलं, की बाईला वाटलं असणार मला काहीतरी होतंय. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

त्यानंतर एक मध्यमवयीन माणूस आला. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ओझी उचलायचा. दंडावर लिंबाएवढी गाठ. चरबीची साधी गाठ, काही करायची गरज नाही, हे मी तो दारात असतानाच ओळखलं. मिशीवाल्याने गाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "काय म्हणालात?"

"गाठ काढून टाका म्हटलं."

"कशाला? दुखते?"

"दुखत नाही हो. पण ऑपरेशन झालं तर थोडे दिवस ओझं उचलायला लागणार नाही ना? तसं लिहून मिळेल."

"ओझं का उचलवत नाही?"

माणूस जरा घुटमळला. "ताकद गेलीय. जिना चढलो की मांड्या थरथरतात. खातो मुबलक, तरी पँट ढिली झालीय. घरचे म्हणतात, तुझे डोळे मोठे दिसायला लागले."

मिशीवाला खुर्चीसकट माझ्याकडे वळला. "हे तुझं खातं," तो म्हणाला. "उतर खाली."

थायरॉइड. आयुष्यभर मी थायरॉइड शिकवत आलोय. तो माणूस आत आल्यापासून त्याचे डोळे मोठे होते, बोटं थरथरत होती, गळा किंचित फुगलेला होता, आणि स्टुलावर बसलेले थायरॉइडचे प्राध्यापक दंडावरच्या लिंबाकडे बघत होते. मी उतरलो, त्याचा गळा तपासला, तपासण्या लिहून दिल्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. माणूस जाताना मिशीवाल्याला म्हणाला, "तुमचे हे नवीन डॉक्टर चांगले आहेत. शिकतील."

दुपारी चहाला आम्ही दोघं मागच्या व्हरांड्यात बसलो. कपात साखर टाकताना मी पुटपुटलो, अगदी स्वतःशीच, "बहिरा तो बहिरा, वर पहिला नंबर."

"बहिरा कोण?" मिशीवाला म्हणाला.

मी चमचा खाली ठेवला. त्याने मान वळवून दाखवली. कानात वाटाण्याएवढं यंत्र होतं.

"हे कधीपासून?"

"झाली तीन-चार वर्षं. ओपीडीत घालतो. ऑपरेशनला घालतो."

"आणि मीटिंगला?"

"मीटिंगला काढून ठेवतो," तो म्हणाला. "अरे, बॅटरी महाग असते."

सगळा हिशेब माझ्या डोळ्यांसमोरून गेला. भाषण, टाळ्या, जाड टाइप. त्याचं बहिरेपण मी जिथे पाहिलं होतं, ते फक्त माझ्याच मीटिंगमध्ये होतं.

"मग ते 'काय म्हणालात, काय म्हणालात' कशाला?"

"सुरुवातीला खरंच ऐकू यायचं नाही म्हणून. नंतर लक्षात आलं, दुसऱ्यांदा सांगताना लोकांना आणखी एक-दोन गोष्टी आठवतात. मग ठेवली सवय." त्याने मिशीला लागलेला चहा पुसला. "तू नियम कोणासाठी केलास ते मला माहीत होतं बरं का. मॅडम विचारायला आल्या होत्या, सरांनी मुद्दाम केलंय, तुम्ही हरकत घेणार का? म्हटलं, मुळीच नाही. होऊ दे. आणि आणखी एक सांगू? पोरं तुला 'म्हणजेच' म्हणतात."

"मला?"

"दारात तू दिसलास, की आत निरोप जातो. म्हणजेच आले, म्हणजेच आले."

मला राग यायला हवा होता. पण मी होस्टेलमधल्यासारखा हसत सुटलो, ठसका लागला, आणि मिशीवाल्याला माझ्या पाठीत थापटावं लागलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच हसण्याचं नसावं.

पंधरवडा मी त्या स्टुलावर काढला. नंतर दुसऱ्यांदा परीक्षेला बसलो. या वेळी नाटकातल्या बाई होत्या. त्या बोलल्या, मी ऐकलं. त्या थांबल्या, मी ऐकतच राहिलो. त्या आणखी बोलल्या. त्यांचं लिहून दिलेलं सगळं संपलं, तरी मी मान हलवत समोर बसून. बाईंनी मग घाबरून मनानेच एक मावशी आणि तिचा दमा जोडून दिला. मी त्याचीही नोंद घेतली. पास झालो, काठावर. मॅडमनी शेरा लिहिला: 'डॉक्टरांनी अधूनमधून बोलावे.'

त्यांनी माझ्या पहिल्या परीक्षेचं रेकॉर्डिंग पहिल्या वर्षाच्या वर्गाला दाखवायची परवानगी मागितली. मी साफ नाही म्हटलं. मग चेहरा पुसट करून दाखवा म्हटलं. त्यांनी केला पुसट. दिवे मालवले, पुसट चेहऱ्याचा एक डॉक्टर 'म्हणजेच' म्हणाला, आणि वर्ग कोसळला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारची मुलगी डोळे पुसत माझ्याकडे वळली, मला ओळखलं आणि बाकाखाली वाकून पेन शोधायला लागली. पेन तिच्या हातातच होतं.

आता माझी ओपीडी लांबते. दुपारच्या जेवणाची वेळ टळून जाते, संध्याकाळ होते, बाहेर बाकांवर लोक पेंगतात आणि सिस्टर दारातून मला घड्याळ दाखवतात. परवा त्या आत येऊन म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण पहिल्यासारखं करा ना थोडं. माझी शेवटची बस जाते."

"आणखी दोनच," मी म्हटलं.

त्या दोघांतल्या पहिल्या आजी होत्या. त्यांनी खुर्चीत बसून पदर सारखा केला आणि सुरुवात केली. थोरल्या मुलाची बदली, सुनेचा स्वभाव, वरच्या मजल्यावरचा कुत्रा, नव्या चष्म्याचा नंबर, बहिणीशी तुटलेलं बोलणं. मी एकदाही मध्ये पडलो नाही. कुठेतरी धागा असणार, म्हणून कान टवकारून बसलो. पोट तपासलं, छाती तपासली, डोळे पाहिले, शौचाचा रंगही विचारला.

सर्दी होती.

"वाफ घ्या आजी," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे रे बाळा," त्या उठत म्हणाल्या. "दोन दिवस घेतेच आहे. आता पुढच्या सोमवारी येते, बहिणीचं अर्धंच सांगून झालं."

दारात सिस्टरनी पर्स खांद्याला अडकवली होती. मी दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं आणि सिस्टरना म्हटलं, आज मी सोडतो तुम्हाला गाडीने.