पोट सोडलेलं जाळं

एडवणला व्हॉलीबॉल खेळायचं म्हणजे गोजराबाईच्या मर्जीत राहायचं. पंच्याऐंशी साली तरी तसंच होतं. मैदान तिचं, आणि लगतच बोंबील वाळत घालायच्या तिच्या वलांडी. त्या बोंबलांत दुसऱ्यांदा बॉल पडला, तेव्हा बाई पदर खोचून आली.

"आता परत पडला ना पुंडलिक, तर हितंच वलांडी उभारते. मग खेळा खाडीत जाऊन!"

पुंडलिक गावातला कोळी. दिवसभर बोटीवर जाळी ओढायची, आणि संध्याकाळचा हा खेळही गेला तर उरलं काय? त्याने आणि त्याच्या संघातल्या रामाने जुनं जाळं आणून मैदानाभोवती बांधलं. पण कोळ्याचे हात ते! मासा अडकावा तसं छान सैल, पोट सोडून बांधलं.

गोजराबाई खदाखदा हसली. "बॉल धरायचाय की पापलेट?"

रविवारी बोईसरच्या कारखान्यातली पोरं सामन्याला आली. त्यांच्याकडचं कुंपण तारेचं, ताणलेलं. कुंपणाला आपटून बॉल परत आला की खेळ चालूच, हा त्यांचा नियम. एडवणकरांनी तो मान्य केला. मग काय विचारता! पाहुणे बॉल उसळेल म्हणून हात पुढे करून उभे, आणि बॉल आपला जाळ्याच्या पोटात शिरायचा, सुस्तावायचा, खाली घसरायचा. पुंडलिकाला त्याची सवय झालेली. तो खाली वाकून, जमिनीला टेकायच्या आत, अलगद बॉल उचलायचा.

"अरे, ये कैसा जाल है!" पाहुण्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटच्या गुणाला मात्र त्यांच्या प्रतापने असा बॉल हाणला, की रामाच्या हाताला लागून तो थेट वलांडींकडे उडाला. वाऱ्याने नेमकी त्याच कोपऱ्यातली गाठ सुटली होती. जाळं खाली लोंबत होतं. गेलं मैदान!

तेवढ्यात बोंबील उलटत असलेली गोजराबाई धावली आणि जाळ्याची कड दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. बॉल जाळ्याच्या पोटात शिरला, घसरला. पुंडलिकाने तो उचलला, रामाने पलीकडे हाणला.

"हे चालणार नाही! बाई कुठे खेळाडू आहे?" प्रताप ओरडला.

"गुण घे रे बाबा, सामनाही घे!" म्हणत पुंडलिक गोजराबाईच्या पायांवर वाकला. "मावशी, लई उपकार झाले तुजे."

"उपकार कसले? माजे बोंबील वाचवले मी." पण बाई हसत होती. "पाया मागाहून पड. आदी ती गाठ मार. उद्या खेळायचं नाय का तुमाला?"

जन्मभर गाठी मारलेला पुंडलिक, पण डोळे असे भरून आले की एक गाठ धड बसेना. शेवटी तीही गोजराबाईनेच मारली.